उजनीवर उपग्रहातून लक्ष ठेवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पर्यावरणशास्त्रात एमएस्सी आहेत आणि इंदापूर तालुक्यात राहतात. उजनीच्या फुगवट्यातली जलपर्णी आणि पाण्याचा पसारा त्यांना उपग्रहाच्या डेटावरून वर्षभर मोजत राहायचा आहे. नासा, युरोप, इस्रो अशी इतकी संकेतस्थळं समोर आहेत की कुठलं धरावं ते कळत नाही. आधी पायथन शिकावं का, साधा लॅपटॉप पुरेल का आणि एखादा कोर्स करावाच लागेल का, असंही त्यांनी विचारलं आहे.

पायथन थांबू दे. डाउनलोडही थांबू दे. पहिला महिना नुसतं बघा.

कोपर्निकस ब्राउझर ही युरोपीय अवकाश संस्थेच्या डेटाची खिडकी आहे आणि तिथं खातं फुकट उघडता येतं. सेंटिनेल-२ हा उपग्रह निवडा, त्यातला ‘एल२ए’ हा, म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून टाकलेला, प्रकार घ्या आणि नकाशा भिगवण ते भीमानगर एवढा आणा. मग ऑक्टोबर २०२३ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंतच्या तारखा एकेक करून उघडा. हाच काळ घ्यायचं कारण तुम्हाला ठाऊक असेल. २०२३ चा पाऊस कमी पडला, धरण भरलं नाही, २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी खोल वजामध्ये गेलं आणि त्याच पावसाळ्यात पुन्हा भरलं. एका वर्षात धरणाच्या सगळ्या अवस्था पाहायला मिळतात. पळसदेवचं जुनं मंदिर ज्या दिवसांत उघडं पडलं होतं, त्या दिवसांतली चित्रं जरूर शोधा. त्या काठावर तुम्ही उभे राहिला असाल तर चित्र वाचायला निम्मं तिथंच शिकाल.

बघताना एक गोष्ट लक्षात असू द्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडेल. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे. वर्तमानपत्रातली टक्केवारी उरलेल्या साधारण ५३ टीएमसी उपयुक्त साठ्यावर काढलेली असते. म्हणून ज्या दिवशी बातमीत ‘उजनी शून्य टक्के’ असतं, त्या दिवशीही उपग्रहाला भलंमोठं पाणी दिसतं. बातमी बरोबर असते आणि चित्रही बरोबर असतं. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढंच.

उपग्रह साठा मोजत नाही. तो जलपर्णी, प्रदूषण किंवा दुष्काळही मोजत नाही. जमिनीवरून आणि पाण्यावरून परत आलेला प्रकाश तो ठरावीक पट्ट्यांत मोजतो, बाकी सगळा आपण काढलेला अर्थ असतो. तो अर्थ कुठं टिकतो आणि कुठं फसतो हे ओळखता येणं म्हणजेच हे काम येणं. सॉफ्टवेअर कुणालाही येतं.

उपग्रह कुठला निवडायचा हे दोनच गोष्टींवर ठरतं: तुमची वस्तू किती गुंठ्यांची आहे आणि ती किती दिवसांत बदलते. आपल्याकडं हा हिशेब फार सोपा पडतो. सेंटिनेल-२ चे मुख्य चार बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, १० मीटरचे आहेत, म्हणजे एक पिक्सेल १०० चौरस मीटरचा, जवळपास एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. नासाच्या मोडिस या उपकरणाचा बारीकात बारीक पिक्सेल २५० मीटरचा, तो पंधरा एकरांच्या वर जातो. नासाच्या ‘आयमर्ग’ या पावसाच्या डेटाचा एक चौकोन साधारण अकरा किलोमीटर बाजूचा, त्यात अख्खी पाच-दहा गावं मावतात. जलपर्णीचे तवे, म्हणजे तरंगते थर, कधी चार गुंठ्यांचे असतात, कधी शेकडो एकरांचे, आणि वाऱ्यानं ते दोन दिवसांत जागा बदलतात. तेव्हा तुमच्यासाठी सेंटिनेल-२. दोन उपग्रह मिळून तो साधारण पाच दिवसांनी येतो, आपल्याकडं सकाळी अकराच्या सुमारास.

लँडसॅट तुम्हाला दुसऱ्या कामासाठी लागेल: जुना काळ. लँडसॅट-५ हा १९८४ मध्ये अवकाशात गेला आणि उजनी १९८० चं, त्यामुळं धरणाचं जवळजवळ सगळं आयुष्य त्या संग्रहात आहे. ऐंशीच्या दशकातली चित्रं विरळ आहेत, पण आहेत. २००८ पासून हा संग्रह सगळ्यांना फुकट आहे. ३१ मे २००३ नंतरच्या लँडसॅट-७ च्या चित्रांत काळे तिरके पट्टे दिसतील. तुमच्या संगणकाचा त्यात दोष नाही, उपग्रहातला एक भाग त्या दिवशी बंद पडला. पहिल्या वर्षी ती चित्रं सोडून द्या.

आता पाणी वेगळं काढण्याबद्दल. पाणी जवळचा अवरक्त प्रकाश गिळतं आणि हिरवा थोडा परत पाठवतं. म्हणून हिरव्यातून अवरक्त वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. हा एनडीडब्ल्यूआय, १९९६ मध्ये मॅकफीटर्स यांनी मांडलेला. सेंटिनेल-२ मध्ये हे बँड ३ आणि बँड ८. याच नावाचा दुसरा निर्देशांक गाओ यांनी त्याच वर्षी मांडला. तो पानांतला ओलावा सांगतो आणि त्याचे बँड वेगळे आहेत. कुणाचा तयार कोड उचललात तर आधी बँड तपासा, नावावर जाऊ नका. गढूळ पाण्यात आणि वस्तीजवळ अवरक्तऐवजी लघुलहरी अवरक्त, म्हणजे बँड ११, वापरलेला बरा. तो सुधारित एनडीडब्ल्यूआय. बँड ११ चा पिक्सेल २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा, हे मात्र हिशेबात धरा.

इथं एक सापळा आहे आणि नवशिके त्यात हमखास अडकतात. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या फायलींतल्या आकड्यांमध्ये १००० मिळवलेले असतात. त्याआधी परावर्तन काढायला आकड्याला १०,००० नं भागलं की झालं. आता आधी १००० वजा करायचे, मग भागायचं. जंगलावर काम करणाऱ्याला याचा फटका कमी बसतो, कारण तिथं अवरक्तचे आकडेच मोठे असतात. पाण्यावर मात्र सगळं ढासळतं. समजा पाण्याचा हिरवा आकडा ५०० आणि अवरक्त ३००. एनडीडब्ल्यूआय आला ०.२५. वजाबाकी विसरलात तर तेच आकडे १५०० आणि १३०० होतात आणि उत्तर येतं ०.०७. तुम्ही ०.२ च्या वर ते पाणी असं ठरवलेलं असेल तर २०२२ च्या जानेवारीत तुमचं उजनी एका रात्रीत आटलं. गुगल अर्थ इंजिनवर (त्याबद्दल पुढं सांगतो) ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच आहे, त्यात ही दुरुस्ती केलेली असते, तोच घ्या. एकूणच, एखाद्या तारखेला आलेखात अचानक पायरी दिसली की आधी डेटावर संशय घ्या आणि मग निसर्गावर.

ज्याच्या वर पाणी धरायचं तो उंबरठ्याचा आकडाही शोधनिबंधातून उचलू नका. आपल्याच जलाशयाची पाच-सहा स्वच्छ चित्रं घ्या, निर्देशांकाचा आयतालेख काढा आणि पाणी-जमीन या दोन टेकड्यांमधली दरी कुठं आहे ते पाहा. आणखी एक: एप्रिल ते जून सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा पाण्यावरची चमक थेट उपग्रहाच्या डोळ्यात जाऊ शकते आणि पाणी अवरक्तमध्ये उजळ दिसतं. त्या महिन्यांत पाण्याच्या मधोमध ‘जमीन’ आली तर ते बेट समजू नका.

आता जलपर्णी, तुमचा खरा विषय. पुस्तकी उपाय सोपा आहे. पाण्यावर हिरवं काही असेल तर तिथला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, चढतो, म्हणून जलाशयाची हद्द काढायची आणि तिच्या आत एनडीव्हीआय जास्त असलेले पिक्सेल मोजायचे. उजनीत असं केलंत तर मार्च-एप्रिलमध्ये जलपर्णी भरमसाट ‘वाढेल’. ती जलपर्णी नसते, गाळपेर असते. पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पिकं उभी राहतात आणि ती हद्द तर पूर्ण भरलेल्या धरणाची असते. बाहेरच्या माणसानं दुरून केलेल्या नकाशात ही चूक राहून जाऊ शकते. तुम्ही तिथलेच आहात, तुम्हाला ती कळायलाच हवी.

उपाय दोन, दोन्ही एकत्र वापरा. पहिला, हद्द कायमची धरायची नाही. पाटबंधारे खातं रोज जी पाणीपातळी जाहीर करतं ती घ्या आणि तेवढ्याच पातळीच्या एखाद्या जलपर्णी नसलेल्या तारखेची पाण्याची कड हद्द म्हणून वापरा. दुसरा उपाय डोळ्यांचा. शेताला सरळ बांध असतो आणि ते जागचं हलत नाही. जलपर्णीचा तवा पाच दिवसांनी दुसरीकडं असतो, वाऱ्याच्या दिशेच्या काठाला जाऊन दाटतो, त्याच्या कडा फाटक्या असतात. लागोपाठची दोन चित्रं एकमेकांवर ठेवून जे हलतं ते वेगळं काढलंत तर बराचसा निवाडा तिथंच होतो. काठाशी अडकून बसलेली जलपर्णी आणि अगदी काठावरचा ऊस यांतला फरक मात्र चित्रावरून नेहमी सांगता येत नाही. तिथं जाऊनच बघावं लागतं.

मग शेवाळ. पुण्या-पिंपरीकडून मुळा-मुठा आणि भीमेतून येणाऱ्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद फुगवट्यात साचतं, आणि उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं. हिरवं पाणी आणि जलपर्णी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची आकडेवारी एकत्र करू नका. फरक कळतो तो बँड ११ मध्ये. जलपर्णीची पानं पाण्याच्या वर उभी असतात, ती लघुलहरी अवरक्त परत पाठवतात. शेवाळ पाण्यात विरघळल्यासारखं पसरलेलं असतं, तिथं पाणीच तो प्रकाश गिळून टाकतं. पृष्ठभागावर जाड साय धरली असेल तर हा फरक पुसट होतो. शेवाळाच्या कमीजास्तीसाठी एनडीसीआय हा हरितद्रव्याचा निर्देशांक वापरा. त्यात बँड ५ आणि बँड ४ लागतात, सूत्राची रचना तीच. त्यावरून ‘गेल्या महिन्यापेक्षा हरितद्रव्य वाढलं, आणि वरच्या भागात जास्त वाढलं’ असं म्हणता येतं. ‘लिटरमागे इतके मायक्रोग्रॅम’ म्हणायचं तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच वेळी घेतलेले पाण्याचे नमुने लागतात. नमुन्यांशिवाय असा आकडा कुणी दिला तर तो कुठून आला हे विचारायला लाजू नका.

पावसाळ्याचं काय? जून ते सप्टेंबर सेंटिनेल-२ चं नीट चित्र मिळणं नशिबाचा भाग, आणि नेमकं तेव्हाच धरण भरत असतं. ढगांचा मुखवटा लावून, म्हणजे ढगाळ पिक्सेल आपोआप झाकून, आलेली चित्रं आंधळेपणानं वापरू नका. ढगांची सावली पाण्यासारखीच गडद असते आणि आपोआप चालणारं वर्गीकरण तिथं फसतं. त्या महिन्यांसाठी सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह आहे. तो स्वतःच लहरी सोडतो, त्यामुळं ढग असो वा रात्र, त्याला फरक पडत नाही. शांत पाणी लहरी समोरच्या बाजूला परतवून लावतं, म्हणून ते काळं दिसतं. पण उजनीवर जुलैत वारा किती असतो ते तुम्हाला सांगायला नको. लाटा उठल्या की पाणी उजळ दिसू लागतं, आणि जलपर्णीचा तवाही उजळच दिसतो. म्हणून रडारवरून पावसाळ्यात पाण्याचा पसारा मोजा, जलपर्णीचा दावा करू नका. नेहमी त्याच कक्षेतली, त्याच दिशेनं जाताना घेतलेली चित्रं एकमेकांशी ताडून पाहा. चढती (उत्तरेकडं जाणारी) आणि उतरती (दक्षिणेकडं जाणारी) कक्षा मिसळली की जे बदल दिसतात त्यांतले निम्मे कोनाचे असतात. डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१बी बंद पडला आणि त्याच्या जागी १सी गेला डिसेंबर २०२४ मध्ये. लांब मालिका बघताना हा काळ लक्षात घ्या. जुलै २०२५ मध्ये निसार हा नासा-इस्रोचा रडार उपग्रह अवकाशात गेला आहे. त्यावर नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड अशी दोन रडार आहेत आणि त्यांच्या लहरी सेंटिनेलपेक्षा लांब आहेत. वनस्पतींच्या कामाला ते फार उपयोगी पडावं, पण सुरुवात त्यानं करू नका.

लॅपटॉपची काळजी सोडा. बघण्याचा महिना संपला की क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, ते फुकट आहे. चार-पाच तारखांवर हातानं निर्देशांक काढा, हद्द स्वतः रेखाटा, क्षेत्रफळ काढा. नकाशाचं प्रक्षेपण यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी पद्धत) विभाग ४३ ठेवा. पुणे, सोलापूर आणि जवळजवळ सगळा मराठवाडा त्यातच येतो, नागपूरकडं गेलात की ४४. अक्षांश-रेखांशातच क्षेत्रफळ काढलंत तर आकडे निरर्थक येतील. हे हातानं जमल्यावर गुगल अर्थ इंजिनकडं वळा. संशोधन आणि विनाव्यापारी कामासाठी ते फुकट आहे, गणित त्यांच्या यंत्रांवर होतं आणि तुमच्याकडं फक्त उत्तर येतं. तिथली भाषा जावास्क्रिप्ट असली तरी उजनीच्या कामापुरते पन्नास-साठ ओळींत भागतं. आणि पायथन? एकच काम दहा धरणांवर करायची वेळ आली की शिका. तेव्हा ते पटकन येतं, कारण कशासाठी शिकतोय हे माहीत असतं. मशीन लर्निंग त्याच्याही नंतर. निर्देशांक आणि डोळे मिळून जे सांगतात ते आधी पक्कं नसेल तर मॉडेल चुकलं कुठं हे तुम्हाला कळणारच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लोक लवकरच विचारतील, म्हणून सांगून ठेवतो. ‘आमच्या गावचं भूजल उपग्रहावरून सांगा’ असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. ग्रेस उपग्रह गुरुत्वाकर्षणातले फरक मोजतात आणि त्यांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याची आहे. वायव्य भारतात २००२ ते २००८ मध्ये १०९ घनकिलोमीटर भूजल गेलं हे त्यांनी दाखवलं, तालुका दाखवू शकत नाहीत. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. उसाच्या पाचटाच्या आगी नासाच्या ‘फर्म्स’ या आगींच्या संकेतस्थळावर दिसतात, पण ज्या आगी दोन फेऱ्यांच्या मध्ये पेटून विझतात त्या दिसत नाहीत, तेव्हा ठिपके मोजून ‘आगी कमी झाल्या’ म्हणू नका. आणि घाटातला पाऊस उपग्रहावरून सांगताना फार जपून. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि पूर्वेला फलटणला पाचशेच्या आसपास पडतो. अकरा किलोमीटरच्या चौकोनात ही उतरंड चेपून जाते. महसूल मंडळातला पर्जन्यमापक तिथं जास्त खरा.

जमिनीवरच्या पडताळणीत तुमची बाजू भक्कम आहे. उपग्रहाच्या फेऱ्यांच्या तारखा आधीच कळतात. त्या दिवशी भिगवण, पळसदेव, कुंभारगाव अशा ठरवलेल्या ठिकाणी जाऊन फोनवर जागेच्या नोंदीसह फोटो काढा. मच्छीमारांच्या नावेतून आत जाता आलं तर तव्याच्या कडेनं फिरून तिची रेघ फोनवर नोंदवा. जिथं जलपर्णी नाही तिथल्याही तितक्याच नोंदी घ्या, हे बहुतेक जण विसरतात. फक्त ‘आहे’च्या नोंदींवर नकाशा नेहमीच बरोबर येतो. आधी नकाशा, मग जागेवर जाणं हा क्रमही अधूनमधून उलटा करा, म्हणजे नकाशात जे दिसलं तेच शोधायची सवय लागत नाही.

पसाऱ्यावरून साठा काढायचा असेल तर धरणाचा पातळी-क्षेत्रफळ-क्षमता तक्ता मिळवा. तो खात्याकडं असतो, माहिती अधिकारात मागता येतो. मात्र तो कधीच्या सर्वेक्षणाचा आहे ते बघा, कारण मधल्या वर्षांत गाळ साचलेला असतो. तुमचं मोजलेलं क्षेत्रफळ आणि त्या दिवशीची जाहीर पातळी शेजारी ठेवून वर्षभराचे ठिपके काढलेत तर तुमचा स्वतःचा तक्ता तयार होईल. तो खात्याच्या तक्त्यापासून कुठं सरकतो, हा पुढच्या वर्षीचा चांगला विषय आहे.

इस्रोबद्दल: ‘भुवन’ हे नकाशे बघायला, आणि प्रत्यक्ष डेटा ‘भूनिधी’वर मिळतो. रिसोर्ससॅट या इस्रोच्या उपग्रहावरचा लिस-३ हा कॅमेरा २३.५ मीटरचा आहे. सेंटिनेलच्या आधीच्या वर्षांत लँडसॅटचं चित्र ढगात गेलं असेल तर त्याच आठवड्याचं लिस-३ तिथं शोधा, कधीकधी नेमकं तेच हाती लागतं.

कोर्स लागतोच असं नाही. करायचाच तर डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत आणि नासाचं ‘आर्सेट’ प्रशिक्षणही. दोन्हींत पाण्याच्या विषयावरचं सत्र आधी बघा, बाकीची गरज पडेल तशी. आणि ऑक्टोबरपासून एक साधी वही ठेवा: तारीख, उपग्रह, ढग किती, जाहीर पातळी, मोजलेलं पाणी, मोजलेली जलपर्णी, जागेवर कोण गेलं होतं. उद्या पाटबंधारे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या टेबलावर नकाशा ठेवलात की पहिला प्रश्न ‘हे कधीचं आणि कशावरून’ असाच येणार.